नाताळची उपासना, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सोलापूर, २५ डिसेंबर १९७४, संध्याकाळ

आज पहिल्या गीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत चर्चमध्ये बसले. लग्न झाल्यापासून नाताळला हे पहिल्यांदाच.

दरवर्षी घरचे सगळे उपासनेला जातात आणि मी पाहुण्यांसाठी मागे राहते. दारातून कुणी परत जाऊ नये, हे सासूबाईंचं म्हणणं खरंच आहे. पण ज्याच्या जन्मासाठी हे सगळं, त्याच्यापुढे बसायचंच राहतं, हे कुणाला सांगायचं? काल करंज्या तळताना डोळे भरून आले, आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या महादेवीअक्का चाळण मागायला आल्या. मी सगळं बोलून गेले.

"तुमच्या देवाचा जन्म, आन् तुमीच चुलीम्होरं? जावा की! मी बसते हितं."

मी धास्तावून सासूबाईंकडे पाहिलं. अक्का लिंगायत, आमचं घर त्यांच्यावर सोडायचं? सासूबाईंनी तळलेल्या करंज्या डब्यात भरल्या, डबा वरच्या फळीवर ठेवला. मग म्हणाल्या, "करंज्या वरच्या डब्यात आहेत, अक्का."

चर्चमध्ये डोळे मिटले, तर आधी करंज्याच दिसल्या. अक्कांना डबा सापडला असेल ना? स्वतःचंच हसू आलं. मग गीत सुरू झालं आणि घर विसरले. रडलेसुद्धा, पण कालच्यासारखं नाही. फार हलकं वाटलं.

परत आलो तेव्हा अक्का पाहुण्यांना बजावत होत्या, "बसा वाईच. देवाचं आधी, फराळ मागनं."

सासूबाईंनी ते ऐकलं. मला काहीच बोलावं लागलं नाही.