फोन आला तर खरी

सोमवार, ४ तारीख
एकदाची चिकटले बाई नोकरीला! हायवेची कंट्रोल रूम. ताईला सांगितलं तर तिने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, जणू मी विमानच उडवणार आहे. प्रत्यक्षात एक लांबट खोली, भिंतभर पडदे, करकरणाऱ्या फिरत्या खुर्च्या आणि असा काही एसी, की बाहेर ऊन तापलेलं असताना आत सगळे स्वेटर घालून बसलेले. काम मात्र आवडलं. या रस्त्याच्या कडेला पूर्वी एक मोकळी पट्टी होती, गाडी बिघडली की तिथे उभी करायची. गर्दी वाढली तशी त्या पट्टीचीही लेन करून टाकली. आता गाडी बंद पडली की ती धावत्या लेनमध्येच उभी राहते, आणि मागून येणाऱ्यांना सावध करायला आम्ही. पडद्यावर थांबलेली गाडी दिसली की बटण दाबायचं. त्या लेनच्या वरच्या फलकांवर लाल फुली उमटते आणि मागच्या गाड्या बाजूच्या लेनमध्ये जातात. एकेका बटणावर कुणाचा तरी जीव असतो, असं साहेब म्हणाले. मी गंभीरपणे मान डोलावली आणि आतून हुरळून गेले.

आपला मोबाइल दाराशी कुलूपबंद खणात ठेवावा लागतो, एवढं एकच जाचक. शेजारच्या खुर्चीवर काका बसतात, इथले सगळ्यात जुने. त्यांच्या डब्यातलं मला आणि माझ्या डब्यातलं त्यांना, असं पहिल्याच दिवशी ठरलंसुद्धा.

राहते ताईकडेच. भावोजी, ताई आणि त्यांची चिमणी, वय वर्षं चार, बडबड चाळिशीची. ताई रोज याच रस्त्याने कामाला जाते. जेवताना म्हणाली, आता मी बिनघोर, वर बसून माझी बहीणच बघतेय.

गुरुवार, ७ तारीख
आज पहिली फुली टाकली आणि चांगलीच तोंडघशी पडले. सकाळच्या भर गर्दीत वळणाच्या अलीकडच्या कॅमेऱ्यात एक पांढरी गाडी उभी दिसली. दिवे उघडझाप करत होते. कठड्याला टेकून एक बाई उभी होती आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होती. मी बटण दाबलं. मागे ही रांग लागली. गस्तीची गाडी पोचली तेव्हा रस्ता रिकामा. रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं, त्यातही रिकामा. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, की मी झोप घरी पुरी करून येते की इथे. काका पडद्याकडे बघत राहिले. राग आला मला त्यांचा.

शनिवार, ९ तारीख
पुन्हा तीच. तीच गाडी, तोच हात. बटणाकडे गेलेलं माझं बोट काकांनी वरच्या वर धरलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. कडेची पट्टी काढली त्याच आठवड्यात ती बाई तिथे अडकली आणि मागून आलेल्या गाडीखाली गेली. तेव्हा इथे खुर्चीवर कोण होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून ती दिसते, सगळ्यांना दिसते. तिचं नाव ठेवलंय मावशी. सुरुवातीला सगळेच फुली टाकायचे, रोज रस्ता तुंबायचा, वरून शिव्या यायच्या. मग खोलीचा नियम ठरला. त्या वळणावर पांढरी गाडी दिसली की फोनची वाट बघायची. खरी गाडी असेल तर कुणी ना कुणी आम्हाला फोन करतोच. फोन आला तर खरी, नाही आला तर मावशी. आणि कॅमेरा दुसरीकडे वळवायचा. बघत बसायचं नाही.

हे ऐकून मी माझा डबा बंद केला. काकांनी मात्र शांतपणे भाजीची वाटी माझ्याकडे सरकवली.

बुधवार, २० तारीख
माणूस कशालाही सरावतो. आता मावशी आली की मीच म्हणते, या, बसा, चहा घेणार का. सगळे हसतात. कॅमेरा वळवायला आता विचारही करावा लागत नाही. साहेबांनी आज माझं कौतुक केलं. लवकर तयार झालीस म्हणाले.

घरी यातलं काही सांगितलेलं नाही. ताई उगाच घाबरेल. तिने काल जुनी गाडी देऊन दुसरी घेतली. वापरलेलीच, पण चकाचक. चिमणीने काचेवर नाक दाबून आतून सगळ्यांना वाकुल्या दाखवल्या.

शुक्रवार, २२ तारीख
लिहिते. लिहिलंच पाहिजे.

सकाळी बारीक पाऊस होता, चित्र धूसर. वळणावर पांढरी गाडी, कठड्याशी बाई, हात वर. मी म्हणाले, आज मावशी भिजली हो. काका हसले. फोन आला नाही. मी कॅमेरा वळवला. माझ्या हाताने वळवला. चहा घेतला.

मग धडक झाल्याचा फोन आला.

ती आमच्या नंबरवर कशाला फोन करेल? तिची बहीणच इथे बसते. तिने मला केला. खणात माझा मोबाइल सगळा तिच्या नावाने भरलेला होता. शेवटचा, धडकेच्या जरासा आधीचा.

ताई. माझी ताई.

मंगळवार, २६ तारीख
चौकशी झाली. कंट्रोल रूमला फोन आला नव्हता, सबब कुणाचाही दोष नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. या वेळी रेकॉर्डिंग रिकामं नव्हतं. त्यात ताई आहे. हात हलवते, कानाला फोन लावते, पुन्हा हात हलवते. मग कॅमेरा वळतो.

भावोजींना हे माहीत नाही. माझ्या ताटात ते आपणहून भात वाढतात.

शनिवार, ३०
आज कठड्याशी दोघी होत्या.

दुसरी ताई आहे. तिचा निळा कुर्ता मी ओळखणार नाही का? मी फुली टाकली. रस्ता रिकामा निघाला. पुन्हा दिसली, पुन्हा टाकली. साहेबांनी माझ्या मशीनचं बटणच बंद करून टाकलं. सोमवारपासून काचेपलीकडच्या खोलीत बसायचं, फायली लावायच्या. तिथे मोबाइल जवळ ठेवला तरी चालतो. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी येतेय. तिला नियम शिकवून जा म्हणाले.

मी शिकवला. नाही म्हणता आलं नाही.

मंगळवार
नवी आज चहाचा कप हातात घेऊन मावशीला हसली. लवकर तयार झाली.

राहवलं नाही. भावोजींना सगळं सांगितलं. फोनचं, कॅमेऱ्याचं, चहाचंसुद्धा. वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की ती नेमकी कुठे उभी असते.

मी सांगितलं. का सांगितलं मी —

बुधवार
काचेपलीकडून पडदा दिसतो. वळणावर पांढरी गाडी थांबली आहे. भावोजी आज शेजाऱ्यांची गाडी घेऊन निघालेत, चिमणीला शाळेत सोडायला. पांढरी. मागच्या काचेवर काहीतरी चिकटलंय, नाक दाबल्यासारखं —

दार ठोठावलं. ओरडले. नव्या मुलीने मागे वळून पाहिलं आणि काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. सोमवारपासून मी ओरडतेच आहे ना. म्हणून तर दाराला बाहेरून कडी घातलीय.

कंट्रोल रूमला फोन लावला. समोर फोन वाजतोय, मला दिसतोय. साहेबांनी नंबर बघितला, माझा. उचलू नको म्हणाले तिला.

मग भावोजींना लावला. त्यांनी उचलला. आवाज किती आनंदी. ताई इथेच आहे म्हणाले, भिजलीय बिचारी, तिला आत घेतो आणि निघतो. मी म्हटलं, भावोजी, चिमणीला घेऊन कठड्यापलीकडे उडी मारा, आत्ता. ते म्हणाले, थांब, चिमणीने दार उघडलंय, आईकडे पळतेय —

हात थांबत नाही, लिहितेय, दुसरं काय करू

नवी कॅमेरा वळवतेय. नको गं, नको वळवू, मला बघू दे, ट्रक अजून लांब आहे, अजून —