‘विनंती’ नियम बंद करण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : ई-मेल प्रोग्राममधील ‘विनंती’ नियम बंद करण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे चार ई-मेल (चारही उत्तरित).

महोदय,

१. आपल्या कार्यालयाचा ई-मेल प्रोग्राम फुकट मिळणारा असून ज्याला हवा त्याने तो उघडून हवा तसा बदलून घ्यावा, असा आहे. हा गुण मी भर बैठकीत बोलून दाखवला, ही माझी पहिली चूक. तेव्हापासून अधीक्षकांना अक्षरे मोठी, रोखपालांना पडदा हिरवा, उपअभियंत्यांना ‘पाठवा’चे बटण डावीकडे, अशा एकोणीस जोडण्या मी लिहिल्या. एक ना धड, भाराभर चिंध्या.

२. विसावी जोडणी आपल्या तोंडी आदेशाने झाली. “लोकांची रडगाणी माझ्यापर्यंत येता कामा नयेत,” असे आपण म्हणालात. त्यानुसार ज्या ई-मेलमध्ये ‘विनंती’ हा शब्द असेल तो आपल्याला न दिसता ‘विचाराधीन’ कप्प्यात जातो आणि पाठवणाऱ्यास आपल्या नावाने तत्काळ उत्तर जाते : “योग्य वेळी विचार होईल.” हे वाक्य माझेच.

३. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी एक दिवसाची रजा चार वेळा मागितली. चारही वेळा माझेच वाक्य मला परत आले. आपलेच दात, आपलेच ओठ. नियम बंद करायला आपली परवानगी लागते. ती मागायला दाराशी आलो, तर स्वीय सहायक म्हणाले, “अहो, ई-मेल करा की!”

४. ऑपरेशन काल झाले. बहीण एकटीच होती. पट्टी बांधलेल्या आईने तिला तीनदा विचारले, “तो आला का गं?” मला अतिशय राग आला आहे, याची नोंद व्हावी. रजेची मागणी मी मागे घेत आहे.

५. आज सकाळी चिडून तो कप्पा चाळला. त्यात आपल्या वडिलांचे तीन ई-मेल आहेत. ते निवृत्त मुख्याध्यापक. मुलालाही ‘सविनय विनंती’ असेच लिहीत असावेत. मजकूर मी उघडलेला नाही, पण विषयाच्या ओळी दिसतात : ‘तपासणीचा निकाल’, ‘दवाखान्यात दाखल’, ‘जमल्यास येऊन जावे’. शेवटचा परवाचा आहे. तिन्हींना आपल्या नावाने उत्तर गेले आहे.

६. परवानगीसाठी अर्ज लिहायला घेतला होता, परंतु नियम मी आत्ताच बंद केला. शिस्तभंगाची कारवाई सवडीने करावी. आधी वडिलांना फोन करावा.

अद्याप आपलाच नम्र,
(सही)
आवक-जावक लिपिक
दिनांक : आजचा, सकाळी ११.२०

सोबत : वरील तीन ई-मेल, न उघडता आपल्या पेटीत सर्वांत वर ठेवले आहेत.