सतरावी ओळ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा चष्मे करणे, आज माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डाव्या डोळ्याने मला आता दिसत नाही. उजवा अजून नोकरीवर आहे आणि डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर मी नेमके उलटे लिहिले असते, हे घरचे जाणतात. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर व त्यातील सर्व सामान माझ्या मुलाला मिळावे. त्याने दुकानही मागितले होते. "बाबा, त्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी शेवटी बाहेरच्या," असे तो म्हणाला. त्याला दुकान मिळणार नाही. यात राग नाही. त्याने कलम ४ वाचावे म्हणजे कारण कळेल. स्वयंपाकघरातले मोठे पातेले मात्र त्याने मोडीत घालू नये. ते त्याच्या आईचे आहे.

कलम २. दुकानातील भिंतीवरचे छायाचित्र बावीस वर्षांपूर्वी येथे पडलेल्या निर्वासितांच्या छावणीच्या व्यवस्थापकांना द्यावे. ते अजून हयात आहेत आणि अजून भाषणे करतात. छायाचित्रात चाळीस निर्वासित माणसे दान मिळालेले चष्मे लावून हसत आहेत आणि मधोमध व्यवस्थापक उभे आहेत. त्या चाळीसांपैकी किती जणांना समोरचा कॅमेरा नीट दिसत होता, याचा त्यांनी निवांत विचार करावा. चौकट चांगल्या लाकडाची आहे.

कलम ३. दुकान, त्यातील यंत्रे, तपासणीच्या काचांची पेटी व गिऱ्हाइकांचा विश्वास, जेवढा शिल्लक असेल तेवढा, हे सर्व 'बाई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माझ्या दुकानातील सहकारी, मूळच्या शिक्षिका, यांना मिळावे. बावीस वर्षांपूर्वी लढाई पेटली तेव्हा त्या नदीपलीकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आल्या. छावणी उठल्यावर माझ्याकडे काम मागितले आणि तेव्हापासून येथेच आहेत. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. दुकान मी उपकार म्हणून देत नाही. खालील चुकीची भरपाई म्हणूनही देत नाही, कारण तिची भरपाई होत नाही.

कलम ४. पळून येणाऱ्या माणसाचा चष्मा सगळ्यात आधी हरवतो. ही गोष्ट मदत पाठवणाऱ्यांच्या फार उशिरा ध्यानात आली आणि मग गावोगावचे जुने चष्मे पोत्यांनी आले. मी यंत्रावर एकेकाचा नंबर मोजून दांडीला कागदाची चिठ्ठी बांधली. तीनशे चाळीस चष्मे, सहा दिवस. सातव्या दिवशी माझ्या पत्नीने ते सगळे मोठ्या पातेल्यात साबणाच्या गरम पाण्यात धुऊन काढले. "दुसऱ्याच्या नाकावरचा मळ पाहुण्यांना द्यायचा का?" असे तिचे म्हणणे. चष्मे लखलखीत झाले आणि चिठ्ठ्यांचा लगदा झाला. मी तिला एका शब्दानेही बोललो नाही. ती गेली तरी मला त्याचे समाधान आहे.

चूक तिची नव्हे. पुन्हा मोजायला सहा दिवस लागले असते आणि माणसे रांगेत उभी होती. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं? टाका वाटून. उद्या फोटोवाले येणार आहेत." आणि मी वाटले. अंदाजाने नाकावर चढवायचे आणि विचारायचे, बरे दिसते का? सगळे हो म्हणाले. विचारणाऱ्याच्याच हातून उद्याचे जेवण आणि पांघरूण यायचे असेल, तर माणूस दुसरे काय म्हणणार? हे मला तेव्हाही समजत होते.

बाईंनीही हो म्हटले. त्या रोज सकाळी फलकापाशी उभ्या राहत. इतर छावण्यांत सापडलेल्या माणसांची यादी तेथे लागे. अक्षर बारीक, वर तारेची जाळी. शिक्षिकेने दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे हे त्यांच्या जिवावर आले असावे. चष्मे वाटल्यापासून तेराव्या दिवशी दांडीचा स्क्रू निसटला म्हणून त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी काचा मोजल्या. दोन नंबरांचा फरक होता. संध्याकाळी मी स्वतः जाऊन यादी वाचली. सतराव्या ओळीत एक वृद्धा होती, बाईंच्याच गावची. पुढे लिहिले होते: मुलीच्या शोधात, मुलगी शाळेत शिकवते. भेटीसाठी नेणारी शेवटची बस दोन दिवसांपूर्वी सुटली होती. त्या छावणीतली माणसे जहाजाने दूरदेशी रवाना झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी काचा बदलल्या आणि सांगितले की जुन्यांवर ओरखडे होते. फलकावरचा कागद एव्हाना बदलला असेल, असे धरून चाललो. जाऊन पाहिले नाही. आठ महिन्यांनी आईच्या मृत्यूचे पत्र आले, ते बाईंनी याच खोलीत वाचले. मी म्हणालो, "फार वाईट झालं." त्या वाक्याची मला त्या चष्म्याहून जास्त लाज वाटते.

कलम ५. नदीपलीकडे पुन्हा तोफा सुरू झाल्या आहेत आणि शाळेच्या मैदानात पुन्हा तंबू पडले आहेत. माझी सगळी शिल्लक त्या माणसांच्या चष्म्यांसाठी वापरावी. अट एकच: डोळे तपासल्याशिवाय चष्मा देऊ नये, आणि कोणी परत घेऊन आला तर कारण न विचारता पुन्हा तपासावे.

पुरवणी. येथवर लिहून मी सही करणार होतो. साक्षीदार येऊन बसले होते. पण मेल्यावर कबुली देणे म्हणजे दगड मारून भिंतीआड लपणे. म्हणून बाईंना आत बोलावले आणि कलम ४ वाचून दाखवले. त्यांनी हातातले फडके घडी करून ठेवले.

"माहीत आहे, काका," त्या म्हणाल्या.

कधीपासून, असे मी विचारले.

"काचा बदलून दिल्यात त्याच दुपारपासून. नीट दिसायला लागल्यावर माणूस आधी काय करतो? जे वाचता येत नव्हतं, तेच वाचायला जातो. कागद तसाच होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. काम धरलं तेही त्यासाठीच. आज सांगाल, उद्या सांगाल. पत्र आलं त्या दिवशी मात्र निघून जाणार होते. पण बाहेर सात जण डोळे तपासायला बसले होते. त्यांचे तपासले. दुसऱ्या दिवशी नऊ होते."

मी क्षमा मागितली. मला रडू आले, हे साक्षीदारांनी पाहिले आहे. बाईंनी रडू दिले.

"दुकान घेते," शेवटी त्या म्हणाल्या. "क्षमेचं यात काही लिहू नका. ती माझी आहे, द्यायची तेव्हा मी देईन. तोवर तुम्हाला जगावं लागेल."

सबब कलम ३ कायम. क्षमेबाबत या मृत्युपत्रात तरतूद नाही.

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी (सही). २. माझे डॉक्टर (सही).

मृत्युपत्र करणार: सही. सही करण्यापूर्वी माझा चष्मा बाईंनी पुसून दिला.

स्थळ: दुकानाची मागची खोली. चौदा मार्च, दुपारी चार. बाहेर अकरा माणसे बसली आहेत.