मोकळी दुपार

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पार्सल पोचलं. पोस्टमन सही घेताना म्हणाला, "थंडी संपत आली आणि स्वेटर आत्ता?" मी म्हटलं, आमच्या ताईचं विणकाम निवांत असतं. रागावू नकोस. निळा रंग सुरेख आहे. डावी बाही यंदाही उजवीपेक्षा लांब झाली आहे. जित्याची खोड, दुसरं काय!

भावोजींचा गुडघा कसा आहे? मुलं आता तुझ्याहून उंच झाली असतील.

"इकडे सगळं ठीक आहे" असं लिहायला घेतलं होतं, पण पेन पुढे जाईना. म्हणून ते वाक्य सोडून दिलं. आई गेल्यावर आपण दारात उभं राहून भांडलो, त्यानंतर हे माझं पहिलंच पत्र. तू म्हणाली होतीस, भावाला एखाद्या संस्थेत ठेव, तुझं आयुष्य वाया चाललंय. मी म्हटलं होतं, तू तुझं घर सांभाळ, मी माझं सांभाळते. तेव्हापासून दर थंडीला नुसता स्वेटर येतो, आत चिठ्ठी नसते. मीही कधी पोच दिली नाही. दोघी एकाच आईच्या, त्यामुळे हट्टाला हट्ट.

घरात आता जागा बरीच झाली आहे. तो वर-खाली होणारा पलंग साहित्य केंद्राने परत नेला. तुला ठाऊक नसेल, आपल्या भागात असं एक केंद्र आहे. पलंग, चाकाची खुर्ची, न्हाणीत बसायचा पाट, सगळं वापरायला देतात आणि गरज संपली की परत नेऊन पुढच्याला देतात. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, घाई नाही, पण एक आजी वाट बघताहेत, त्यांना जमिनीवर झोपवलंय. मी लगेच न्या म्हटलं. दोन माणसं आली, पलंग खोलला, त्यांच्याकडे पान्हा नव्हता तो मीच शोधून दिला. खुर्चीही गेली. फरशीवर पलंगाच्या पायांचे गंजाचे चार डाग राहिलेत. पुसताना मी तेवढी जागा सोडून पुसते, का ते विचारू नकोस.

त्याला व्यायामाला न्यायची ती सकाळची व्हॅन आपल्या गल्लीत वळत नाही आता. आंघोळ घालायला यायच्या त्या मावशींना दुसरं घर मिळालं, ते एक बरं झालं.

तुला आता कळलंच असेल, तू काही कमी हुशार नाहीस. पण तेवढे दोन शब्द मला अजून लिहिता येत नाहीयेत. आधी दुसरं सांगते. मी केलेला घोटाळा आहे तो, आणि तो सांगितल्याशिवाय मला हेही सांगता यायचं नाही.

वाचनालयाच्या माडीवर शुक्रवारी आमचं एक मंडळ भरतं. घरात आजारी, अपंग माणूस असलेल्यांचं, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्यांचं. ग्रंथपालबाई ते चालवतात. मी तिथे आईनंतर जायला लागले. शिंपीकाका येतात, त्यांच्या बायकोला सगळ्याचा विसर पडत चालला आहे. एकेकाळी शाळा दणाणून सोडणारी बाई, आता स्वतःच्या घरात "मी इथे कधी आले?" विचारते. एक जुळ्यांची आई येते, दोन्ही मुलं अंथरुणाला खिळलेली. पोस्टात काम करणाऱ्या एक बाई येतात, त्यांचा नवरा एका बाजूने लुळा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, त्यामुळे तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आम्ही हसतोही खूप. बाहेरच्या माणसाने ऐकलं तर म्हणेल, किती निर्दय लोक आहेत!

मंडळाची एक पद्धत आहे. एकाने दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या माणसापाशी बसायचं, म्हणजे त्या घरच्याला बाहेर पडता येतं. त्याला आम्ही मोकळी दुपार म्हणतो. प्रत्येकाची ठरलेली असते आणि सोन्यासारखी जपतात. कुणी बँकेत जातं, कुणी केस कापून घेतं. पोस्टातल्या बाई बागेत बाकावर जाऊन नुसत्या झोपतात.

थंडी सुरू होता होता जे व्हायचं ते झालं. पुढच्या शुक्रवारी मी सांगायलाच म्हणून मंडळात गेले. माडी चढते तोच ग्रंथपालबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय आमचा भुंगा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा सर्दी आहे."

माझ्या दुपारी त्याच्यापाशी पोस्टातल्या बाई बसायच्या, बाकी कुणी त्याला पाहिलं नव्हतं, पण भुंगा म्हणूनच सगळे ओळखायचे. दिवसभर गुणगुणणारा, डॉक्टर दिसला की नळ बंद केल्यासारखा गप्प होणारा, व्हॅनच्या ड्रायव्हरची टोपी रोज न चुकता हिसकावणारा. मी दर शुक्रवारी त्याचे पराक्रम सांगायचे आणि लोक वाट बघायचे. त्या दिवशीही सांगितले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. खोटं बोलायला फारसे कष्ट पडले नाहीत, ताई. सगळं घडलेलंच होतं, फक्त आधी घडलेलं. सर्दीवर प्रत्येकाने उपाय सुचवले, ते मी मान डोलवून ऐकले. घरी येताना वाटेत मला चक्क घाई व्हायची, तो एकटा असेल म्हणून. कुलूप उघडलं की कळायचं.

माझी मोकळी दुपार आली तेव्हा मी नको म्हटलं, त्याला बरं नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच केलं. त्यांना वाटलं, ही संकोच करतेय, हिला कुणी विचारल्याशिवाय घ्यायची सवय नाही. शेवटी एका मंगळवारी शिंपीकाका न सांगता दारात उभे. काखेत वर्तमानपत्र, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"जा आता फिरायला," म्हणाले. "माझी दुपार तुला दिली. झोपलाय वाटतं भुंगा? आवाज नाही येत."

"काका, आज नको."

"नको काय नको! बायकोला पोस्टातल्या बाईंच्या गळ्यात घालून आलोय."

चपला काढून सरळ आत गेले. खिडकीखाली पलंग आहे हे माझ्याच गप्पांमधून त्यांना पाठ होतं. त्यांना दिसतं कमी. त्यांनी कठडा चाचपायला हात पुढे केला. हात तसाच हवेत फिरत राहिला आणि मी दारात खांबासारखी उभी.

"पलंग हलवलास का गं?"

"नेला, काका."

"कुणी?"

"साहित्य केंद्राने."

आमच्या मंडळात या उत्तराचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. त्यांनी हात खाली घेतला.

"गेला का?" म्हणाले. मी मान हलवली, पण ती त्यांना दिसली नसावी, म्हणून हो म्हटलं.

"मग सर्दी?"

"सर्दी नव्हती."

मला वाटलं होतं, ते डोक्यावरून हात फिरवतील. ते चिडले, आणि चिडले तेच बरोबर होतं. "अगं पोरी, आज मला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागला होता. तो सोडून आलोय. मला सुई ओवता येत नाही ते मरू दे, पण परवा तिच्या गोळ्या चुकल्या माझ्या हातून. दोनदा दिल्या. तिला काही झालं असतं म्हणजे?"

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. स्वतःच्या रिकाम्या घराला राखण बसवायला मी एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाची दुपार खाल्ली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी खुर्ची ओढली, वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "जा."

"कुठे?"

"मला काय माहीत? मोकळी दुपार आहे ना तुझी? आलोच आहे तर आता जा. संध्याकाळपर्यंत मी आहे इथे."

मी गेले. बस थांब्यावर जाऊन बसले. बस आल्या, गेल्या. दर थोड्या वेळाने माझं लक्ष घड्याळाकडे जायचं, त्याला कूस बदलून द्यायची वेळ झाली म्हणून. कूस बदलून द्यायला कुणी नव्हतं. मग मात्र मला रडू फुटलं, भर रस्त्यात, तोंडावर पदर घेऊन. इतके दिवस मी रडलेच नव्हते, ताई. आजारी भाऊ घरात असलेल्या बाईला रडून चालत नाही आणि माझा तर घरी होता ना!

परत आले तर काका चेहऱ्यावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होते. उठल्यावर एवढंच म्हणाले, "शुक्रवारी तू सांगणार की मी?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, उभं राहून. जुळ्यांची आई म्हणाली, "मी तुझ्यासाठी मालिशवाली शोधत हिंडले. माझी दुपार घालवून." पिशवी उचलून ती खाली निघून गेली. तिचं काय चुकलं? ग्रंथपालबाईंनी मला कोपऱ्यात नेलं. मंडळ सांभाळणाऱ्यांचं आहे, ज्यांचं माणूस राहिलं नाही त्यांचं मंडळ वेगळं, ते सोमवारी दुसरीकडे भरतं. कागदावर पत्ता लिहून दिला, "तिथेही चांगली माणसं आहेत," म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. मी अजून गेले नाही. भुंग्यामागोमाग व्हॅन गेली, मावशी गेल्या, पलंग गेला आणि आता शुक्रवारही गेला. माणूस एकटं जात नाही, घरातलं बरंच काही घेऊन जातं.

जाण्यापूर्वी मी एकच मागणं मागितलं. काकांच्या घरी एक दुपार मला बसू द्या, म्हणजे ते डोळे दाखवून येतील. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "काल चिडलेला माणूस आज चहा पाजत नाही, पण ये."

काल गेले होते. काका बाहेर पडले आणि त्यांच्या मास्तरीणबाई माझ्यासमोर नीट पदर घेऊन बसल्या, पालक शाळेत आल्यासारख्या.

"घरी कोण असतं तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"भाऊ असतो," मी म्हटलं. जिभेला तीच सवय.

"काय करतो?"

"गुणगुणतो."

त्या खूप हसल्या. स्वतः गुणगुणून बघितलं. मग विसरल्या, खिडकीबाहेर बघत बसल्या, आणि पुन्हा, "घरी कोण असतं तुझ्या?" मी पुन्हा भाऊ म्हटलं. टोपीची गोष्ट सांगितली. पुन्हा तेवढ्याच हसल्या. ताई, मला कळलं, की इथे माझं खोटं कायमचं खपेल. काका येईपर्यंत मी त्याला जिवंत ठेवू शकले असते आणि कुणाचं काही गेलं नसतं. मोह झाला, खरं सांगते.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे नीट बघत होत्या. मी म्हटलं, "कोणी नाही, काकू. भाऊ होता. गेला."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अगं बाई! कधी? आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?" ढसाढसा रडल्या. मीही रडले. थोड्या वेळाने डोळे कोरडे झाले, त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "घरी कोण असतं तुझ्या?" मी पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा रडल्या, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या, "मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?" अशी दुपारभर मी ती बातमी देत होते. दर वेळी ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं की मला तुझा आवाज ऐकू यायचा.

काका परतले. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली त्यांना. मी घरी आले आणि आज सकाळपासून हे पत्र लिहिते आहे.

ताई, आपला भुंगा गेला. सरकारी इस्पितळात, थंडीच्या सुरुवातीला. घास छातीत उतरला होता, त्यातून न्यूमोनिया. मी जवळ होते. माझा अंगठा त्याच्या मुठीत होता आणि अगदी शेवटपर्यंत तो बारीक आवाजात गुणगुणत होता. आवाज थांबला तरी बराच वेळ मला तो येत होता. पुढचं सगळं मी आणि व्हॅनच्या ड्रायव्हरने मिळून उरकलं.

तुला कळवलं नाही ते आपल्या भांडणामुळे नव्हे. इस्पितळातल्या नर्सने, शेजारणीने, पलंग न्यायला आलेल्या माणसानेसुद्धा, सगळ्यांनी एकच शब्द वापरला, सुटलीस. परक्यांचं मी ऐकून घेतलं. तू तसं म्हणाली असतीस तर मला सहन झालं नसतं, आणि तू म्हणशील अशी भीती होती.

तू ये. भावोजींना सांगून, जमेल तेव्हा, कितीही दिवसांसाठी. आपण दोघी त्याच्याबद्दल बोलू. फक्त तो एक शब्द दारात यायच्या आधी टाकून ये.

तुझी,
आजवर मधली होते, आता धाकटी झालेली बहीण