बैलगाडीचा वेग ताशी अडतीस

१० जानेवारी १९७४, संध्याकाळी ७

१. सावनेर रोडपासून कापूस बाजाराकडे जाणारा नवा रस्ता आज उघडला. लांबी २.७ किलोमीटर.
२. फीत कापायची कात्री बोथट निघाली. पाहुण्यांनी शेवटी गाठ सोडली.
३. रस्त्याच्या तोंडाशी वेगमर्यादेची पाटी आहे. लाल कडं, आत पांढरं. आकडा नाही.
४. पाहुण्यांनी विचारलं, आकडा कुठे आहे?
५. देवतळे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
६. मी म्हणाले, आकडा मोजून काढायचा असतो.
७. साहेब म्हणाले, मग काढा.

ऑफिसात गेले सात महिने मी ट्रेसिंग टेबलावर दुसऱ्यांचे नकाशे गिरवते आहे. डिग्री सिव्हिलची. आज पहिल्यांदा माझं वाक्य कोणी पूर्ण ऐकलं.

११ जानेवारी

साहेबांच्या केबिनमध्ये अकरा मिनिटं. त्यांचं म्हणणं असं: "बाई, तीस लिहून टाका न. सगळीकडे तीसच हाय. पेंटरले सांगतो, खतम." मी पद्धत समजावली. मोकळ्या रस्त्यावर वाहनांचे वेग मोजायचे. शंभरातली पंच्याऐंशी ज्या वेगाच्या आत राहतात, ती मर्यादा. गृहीतक असं की बहुतेक माणसं शहाणपणाने गाडी चालवतात. साहेबांनी विचारलं, नागपुरात? मी म्हणाले, कुठेही.

मिळालं: स्टॉपवॉच एक, खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, एक (मारोतराव, वय पन्नास), चुना अर्धं पोतं, मुदत पंधरा दिवस. अट: रिपोर्ट फसला तर पुन्हा ट्रेसिंग, कायमचं. फसण्याचा प्रश्न नाही.

निश्चय: साइटवर अनावश्यक बोलायचं नाही. मोजणारा कोणाच्या लक्षात येता कामा नये, असं पुस्तकात स्पष्ट आहे.

१५ जानेवारी

काम सुरू, सकाळी ६.४०. मारोतरावांनी कालचा तीळगूळ दिला. घेतला. गोड बोलण्याचा भाग वगळला.

रस्त्यावर चुन्याच्या दोन आडव्या रेघा, मधलं अंतर ५० मीटर. पहिल्या रेघेवर मारोतराव लाल झेंडी घेऊन. गाडीचं पुढचं चाक रेघेवर आलं की झेंडी खाली. दुसऱ्या रेघेवर मी, कडुनिंबाआड, घड्याळ घेऊन. साडी मुद्दाम राखाडी. १८० भागिले सेकंद, की ताशी वेग मिळतो.

मारोतराव म्हणाले, त्यांच्या गावच्या शंकरपटातही असंच असतं. दोन रेघा, एक झेंडी, एक घड्याळ. ज्या बैलजोडीले सेकंद कमी, ती जिंकली. मी सांगितलं, तुलना अशास्त्रीय आहे. तिथे बैल पळवायचे असतात.

एकूण ६१ वाहनं. बैलगाडी ४४ सेकंद, म्हणजे ताशी चार. ट्रक पाच सेकंद. एक स्कूटर साडेचार.

अडचण एक. दोन रेघांच्या मधेच, रस्त्याच्या कडेला, शेजारच्या वस्तीतले विणकर ताणा लावतात. बांबूंवर चाळीस फूट उभं सूत ताणून त्यावर कुंच्याने खळ फिरवतात. पूर्वी इथे मैदान होतं. आता डांबर आणि नाली यांच्यामधली सहा फुटांची पट्टी उरली आहे. रुख्माबाई नावाच्या बाई कुंचा हातात घेऊनच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमचा आकडा कमी येऊ द्या. गाडी जोरात गेली का वल्ल्या सुतावर धूळ बसते. चाक आत आलं तं अख्खा ताणा गेला. दुसरी जागा नाही आमच्यापाशी."

मी सांगितलं, आकडा कोणाच्या सांगण्यावरून येत नाही. पण चिंता नको. निम्म्या बैलगाड्या आहेत. कमीच येईल.

१६ जानेवारी

ट्रकचे वेग एका दिवसात छत्तीसवरून अठरावर. एका ड्रायव्हरने स्वतःहून थांबून लायसन्स, परमिट आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका दाखवली. मला लग्नाला बोलावलं. नव्या रस्त्यामुळे शिस्त येते हे पुस्तकात नाही. माझं निरीक्षण म्हणून नोंदवीन.

१८ जानेवारी

बैलगाडी २१ सेकंद. पहिल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी. कापूस रिकामा करून परतणाऱ्या गाड्या आहेत, हे एक कारण. डांबराचा गुळगुळीत पृष्ठभाग, हे मुख्य कारण.

मारोतराव झेंडी आता दोन्ही हातांनी, पूर्ण उंचावून खाली आणतात. वरिष्ठांनी विश्वास टाकला की माणूस बदलतो.

१९ जानेवारी

बैलगाडी ११ सेकंद.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण चाळीस माणसं. फुटाणेवाला आला. शहरात तांत्रिक विषयाबद्दल कुतूहल नाही असं कॉलेजात म्हणायचे. चुकीचं आहे. मी घड्याळ थांबवलं की मारोतराव ओरडून सेकंद सांगतात आणि लोक शांतपणे ऐकतात. कधी कधी शांतपणे नाही.

रुख्माबाई म्हणाल्या, "बाई, हे कमी होऊन राहिलं का वाढून राहिलं?" मी म्हणाले, सेकंद कमी होत आहेत. त्या ताण्यावरची धूळ झटकायला परत गेल्या.

२२ जानेवारी

सावनेरकडचे रामाजी नावाचे गाडीवान आज सात वेळा गेले. पांढरी जोडी, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. गाडी साधी नाही, हलका छकडा. मालवाहतुकीचं बरंच काम असावं. सात फेऱ्या म्हणजे सात वाहनं की एक? पुस्तक गप्प आहे. सात धरल्या.

रामाजी दर फेरीला येऊन सेकंद विचारतात. ८.२ सांगितलं तर म्हणाले, "हट्! पाटणसावंगीवाल्याचे काल सात आले म्हनते न?" वही उघडून खात्री केली. सात पूर्णांक एक. ते म्हणाले, "पाहा. बाईचं घड्याळ खोटं बोलत नाही गा!" हे वाक्य मी कोणाला सांगणार नाही. इथे लिहून ठेवते.

२४ जानेवारी

रामाजी ४.९ सेकंद. म्हणजे ताशी ३६.७. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. ट्रक मागे उभे राहून वाट पाहत होते. ट्रकचा सरासरी वेग आता १७. या मार्गावरचं जलद वाहन बैलगाडी आहे, हा निष्कर्ष टाळता येणार नाही. पूर्वग्रह नको.

रुख्माबाईंनी आडनाव विचारलं. माझं सांगावं लागलं: बारापात्रे. त्यांनी कुंचा खाली ठेवला. "मंग तू तं आमच्या विणकरायचीच वं पोरी! येवढे दिवस बाई बाई करून राहिली मी. तुले सांगाचं काम हाय का, ताणा तुटला तं घरात काय होते ते?"

मी सांगितलं, माझे वडील रेल्वेत क्लार्क आहेत, आमच्या घरात माग नाही. हे १९५९ पासून खरं आहे. त्याआधीचं मला आठवत नाही. फक्त खळीचा वास आठवतो. पण ते प्रस्तुत नाही.

निश्चय: घरगुती विषय साइटवर आणायचे नाहीत. कोणी "वं" म्हटलं तर ऐकू आलं नाही असं करायचं.

२५ जानेवारी

रुख्माबाई लांबून "वं पोरी" म्हणाल्या. तीनदा. तिसऱ्यांदा गेले. चहा दिला. घेतला. आज ताण्यावर धुळीचा एवढा थर बसला की त्यांना अर्धं सूत पुन्हा झटकावं लागलं. त्यांनी विचारलं, आकडा कधी? मी म्हणाले, सोमवारी. मग सगळं शिस्तीत येईल.

२८ जानेवारी

एकूण नोंदी ५१२. पैकी बैलगाड्या ३२६, सर्वांत जलद ३८. स्कूटर आणि मोटारी बहुतेक त्याहून वर. पंच्याऐंशी टक्क्यांचा वेग ३८. जवळच्या पाचाच्या पटीत: ४०.

थोडा जास्त आला. पण आकडा आकडा असतो. शिवाय मर्यादा आली की तिच्या वर कोणी जाणार नाही. म्हणजे रुख्माबाईंचं काम झालंच.

साहेबांनी रिपोर्ट उभ्याउभ्या वाचला. विचारलं, "बैलगाडी? अडतीस?" मी तक्ता दाखवला. "बैलगाडीच न बाई? बैलवाली?" मी आलेख दाखवला. त्यांनी विचारलं, सही तुमचीच ना? हो म्हणाले. "मंग झालं. उद्या कोनी विचारलं तं म्या काहून बोलाव?" लगेच पेंटरला निरोप.

सात महिन्यांत पहिल्यांदा ट्रेसिंग टेबलावरचा दिवा मी स्वतः बंद केला. उद्यापासून तिथे बसायचं नाही.

३० जानेवारी

पाटीवर ४०. मर्यादा पाळली जाते का हे मोजायला आम्ही पुन्हा रेघांवर. पेंटरने शून्य जरा अंड्यासारखं काढलं, बाकी ठीक.

गर्दी कालपेक्षा दुप्पट. रामाजींनी पाटीला झेंडूचा हार घातला. कोणीतरी ओरडलं, "चाळीस कोन मारते पाहू!" लोकांनी कमाल आणि किमान यात गोंधळ केलेला दिसतो. उद्या कर्ण्यावरून समजावीन.

३१ जानेवारी

कर्ण्यावरून समजावलं. टाळ्या पडल्या. मारोतरावांनी कर्णा मागून घेतला आणि जोड्यांची नावं पुकारली.

१ फेब्रुवारी

सकाळी ८.२५. दोन छकडे बरोबरीने आले. दोघांसाठी रस्ता पुरला नाही. डावीकडचा पट्टीवर उतरला आणि रुख्माबाईंच्या ताण्यातून आरपार गेला. माणूस किंवा बैल कोणी जखमी नाही. बारा लुगड्यांचं सूत होतं.

रामाजी पहिले धावले. चाकाभोवतीचं सूत सोडवायला बसले. रुख्माबाई ओरडल्या नाहीत. मातीत बसून तुटलेली टोकं वेगळी करत राहिल्या. मी जवळ गेले. त्यांनी वर न पाहता विचारलं, "किती सेकंद लागले वं? लिहून घे."

घड्याळ माझ्या हातात चालूच होतं. थांबवलं तेव्हा चौदा मिनिटं झाली होती.

४ फेब्रुवारी

रामाजी डोक्यावर सुताचा गठ्ठा घेऊन रुख्माबाईंच्या दारात आले. जेवढं तुटलं तेवढं सूत. मी तिथेच होते. मला पाहून हात जोडले आणि म्हणाले, "बाई, महाशिवरात्रीले आमच्या गावचा पट हाय. घड्याळ धराले तुमीच या. तुमच्यावानी इमानदार घड्याळ तालुक्यात नाही."

मी विचारलं, मग इथे पंधरा दिवस काय चाललं होतं?

ते गोंधळले. "पटच न बाई. तुमीच तं लावला."

मी मारोतरावांकडे पाहिलं. मारोतराव झेंडीच्या काठीकडे पाहत होते. म्हणाले, "पयल्याच दिवशी सांगतलं होतं मी. तुमी म्हनलं, अशास्त्रीय."

रुख्माबाई इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "हसून ताणा लागत नाही. आता त्या आकड्याचं काय करशील वं?"

६ फेब्रुवारी

कोणाला कळायच्या आधीच्या, म्हणजे फक्त १५ जानेवारीच्या, ६१ नोंदी घेतल्या. बैल चालत होते. ट्रक नेहमीसारखे. पुन्हा गणित केलं.

पंच्याऐंशी टक्क्यांचा वेग: ३८.

तीनदा केलं. ३८. बैल पळाले नसते तरी आकडा हाच आला असता. माझी पद्धत बरोबर आहे. याचा आनंद व्हायला हवा होता.

७ फेब्रुवारी

पाचशे बारा नोंदी पुन्हा वाचल्या. रुख्माबाई एकीतही नाहीत. त्या रोज दोन रेघांच्या मधे होत्या. उभ्या होत्या, म्हणून मोजल्या नाहीत.

८ फेब्रुवारी

आईला विचारलं, आमचा माग कुठे गेला. ती म्हणाली, आज एकदम काहून? मी म्हणाले, ऑफिसचं काम आहे. ती म्हणाली, तुझ्या बापाने तीन दिवस कोणाशी न बोलता सुटा केला, मग सरपणात गेला. दोघींनी वांगी चिरली.

११ फेब्रुवारी

रिपोर्टमध्ये शर्यत मोजली गेली, हे साहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पाटी रंगली, पाहुण्याले कळवलं. आता तुमचा बैल मागं येत नाही." मी विचारलं, लेखी दिलं तर? ते म्हणाले, लेखी दिलं तर वाचावं लागेल. ट्रेसिंगचं टेबल रिकामंच आहे, हेही आठवण म्हणून सांगितलं.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४. आज दिलेल्या अर्जाची नक्कल.

मा. देवतळे साहेब,

दि. २८ जानेवारीच्या रिपोर्टवरची माझी सही मी मागे घेत आहे. त्यातल्या ३२६ बैलगाड्यांपैकी बहुतेक शर्यतीत होत्या. हे माझ्या लक्षात आलं नाही. मारोतरावांची चूक नाही. त्यांनी सांगितलं होतं.

शर्यत वगळूनही पुस्तकाप्रमाणे ४० च येतात. तरीही विणकर वस्तीसमोरच्या चारशे मीटरमध्ये मर्यादा २० ठेवावी आणि कडेला दगड लावावेत, अशी विनंती आहे. याला पुस्तकात आधार सापडला नाही. तिथे ताणा लावतात, एवढंच कारण आहे.

मला ट्रेसिंगवर परत पाठवायचं असल्यास हरकत नाही. पाटी आधी बदलावी.

रुख्माबाई मंगळवारी, १९ तारखेला सकाळी नवा ताणा लावणार आहेत. कृपया सोमवार, १८ फेब्रुवारीपर्यंत लेखी उत्तर द्यावे.