चौथ्या फेरीतली हाक

माय, तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मला तुझ्यापुढं बसून ही गोष्ट सांगायचा धीर होत नव्हता. त्यात इतकी वर्षं गेली, तूही गेलीस. काल शाळेतले एक तरुण मास्तर घरी आले होते, माझ्या कुस्त्यांवर काही लिहायचं म्हणत होते. त्यांनी विचारलं, "बाबा, तुमची सगळ्यात मोठी कुस्ती कोणती?" मी बडोद्याची सांगितली. मास्तर खूश होऊन गेले आणि मी हा कागद पुढं ओढला. कारण मी खोटं बोललो होतो. सगळ्यात मोठी कुस्ती मुंबईची. ती तू पाहिलीस. पण काय पाहिलंस ते तुला कधीच कळलं नाही.

सुरुवात तर आपल्या रनाळ्याच्या अंगणातच झाली. बाप मी रांगत असताना गेलेला, शेत तू एकटीनं ओढत होतीस. दर हिवाळ्यात नंदुरबारहून ते पिंजारी यायचे, गाद्या-गोधड्यांचा कापूस पिंजायला. दिवसभर त्यांच्या धनुकीचा आवाज घुमायचा. एका सकाळी म्हशीचं पारडू उकिरड्याच्या खड्ड्यात पडलं, मी आत उडी घेतली आणि ते खांद्यावर टाकून वर आणलं. धनुकीचा आवाज एकदम थांबला. हे पिंजारीच नंदुरबारच्या तालमीचे उस्ताद, हे आपल्याला तेव्हा कुठं माहीत होतं! ते तुला म्हणाले, "बाई, हाऊ पोऱ्या माले दी टाका. मी याले पहिलवान करसू." तू क्षणभर माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "देसू. पन याना हातपाय मोडनात, तं तुमनी हाई धनुकी मी चुलामा घालसू." उस्ताद इतके हसले की दाढीत अडकलेला कापूस उडायला लागला.

मग तालीम. ताक, तेल आणि हळद मुरवलेल्या तांबड्या मातीचा तो वास अजून नाकात आहे. हजार बैठका मारून पाय लटपटायचे आणि उस्ताद म्हणायचे, आता खरी सुरुवात कर. आठवड्यातून एकदा मी घरी येतो तेव्हा तू चुलीपुढं बसलेली असतेस. पाट्यावर बदाम वाटून दुधाचा तांब्या माझ्यापुढं सरकवतेस आणि स्वतः कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी ठेच्याशी खातेस. मी ठेच्याकडं हात नेला की हातावर चापट बसते. "हाई तुन्हासाठे नही." माझ्या नशिबात तूप आणि तुझ्या नशिबात मिरची, असं किती वर्षं चाललं!

जत्रेतल्या पहिल्या मोठ्या कुस्तीत मी सातपुड्यातून उतरलेल्या एका गड्याला चीत केलं. गडी दोन दिवस पायी चालून आला होता. तो अजून मातीत पडलेला असताना मी त्याच्या डोक्याशी उभा राहून शड्डू ठोकला, आणि लोकांनी टोप्या उडवल्या. फेटा बांधून, वाजतगाजत मी दारात आलो तर तू ओवाळायला उठलीसुद्धा नाहीस. बातमी माझ्याआधी पोचली होती. "पडेल मानूसवर शड्डू ठोकस? जाय, त्याले धुंडी आन. आठे जेवाले बठाड." मी फेटा तसाच घेऊन पळत सुटलो. नदीच्या काठी तो गडी पाय धूत बसला होता. त्याला घेऊन आलो. त्यानं नऊ भाकरी खाल्ल्या, तू दहावी वाढलीस आणि तो पहिल्यांदा हसला. त्या दिवशी जिंकलेलं जेवढं अंगी लागलं नाही तेवढं ते बोलणं लागलं. निदान तेव्हा मला असं वाटत होतं.

आणि मग काय दिवस आले, माय! धुळे, बऱ्हाणपूर, इंदूर, बडोदे. बडोद्याला तो पंजाबी मल्ल माझ्याहून हातभर उंच. मला खाली घेऊन मानेवर गुडघा देतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि मी त्याच्याच जोरावर त्याला फिरवून ढाक मारतो. त्याची पाठ मातीला लागते आणि मैदानावर असा आवाज उठतो की झाडावरचे कावळे पळून जातात! त्यानंतर मुंबईचा एक ठेकेदार मला घेऊन गेला. तिकिटं काढून कुस्त्या बघायचा तो काळ. मातीऐवजी दोरांनी वेढलेला चौथरा, त्यावर गादी, घंटा वाजली की फेरी सुरू, घंटा वाजली की बंद. भिंतीभिंतीवर माझं चित्र आणि खाली छापलेलं, "तापीची मगर". तसा एक कागद मी तुला आणून दाखवला. तू निरखून पाहिलास आणि म्हणालीस, "मगर काय म्हने! मगर तं दिनभर पडीच ऱ्हास."

आता ते सांगतो, जे सांगितलं नव्हतं. त्या चौथऱ्यावरच्या बऱ्याच कुस्त्या नुरा असायच्या. म्हणजे कोण पडणार हे दोघा मल्लांना आधीच ठाऊक. ठेकेदार सांगायचा, आज तू पड, पुढच्या महिन्यात तो पडेल, दोन्ही वेळा मैदान भरेल. मी तीनदा ठरवून पडलो होतो. पहिल्यांदा रात्रभर जळजळलं, तिसऱ्यांदा मी पडून उठलो आणि मजेत जेवलो. चौथी ठरवून हरायची कुस्ती एका गोऱ्याशी होती. खांबासारखा माणूस, समुद्रापलीकडून आलेला. ठरलं असं की चौथ्या फेरीत तो मला उचलून आपटेल, मी पाठीवर पडून राहीन, पंच मोजेल, संपलं.

तू येणार आहेस हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मामानं परस्पर तुला नंदुरबारला गाडीत बसवलं आणि तोही बरोबर आला. नवापूरच्या पुढं तू कधी गेली नव्हतीस. सुरतेला गाडी बदललीस, भाकरीचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाहीस, हे सगळं नंतर कळलं. मी मात्र चौथऱ्यावर उभा आहे. तीन फेऱ्या झक्क खेळलो आम्ही, लोक वेडे झालेत. चौथी घंटा होते. गोरा मला उचलतो, छत गरकन फिरतं, मी गादीवर पडतो. पंच हात वर करून मोजायला लागतो. आणि त्या हजारो माणसांच्या गलक्यातून एक आवाज येतो, शेतातून ओरडून तीन बांध ओलांडणारा आवाज.

"ऊठ रे मन्हा पोऱ्या! तठे काय लोळी ऱ्हायना!"

माय, मी विचार केला नाही गं! डोक्याला कळायच्या आत मानेच्या जोरावर अंगाची कमान झाली होती, मी पालथा होऊन उभा राहिलो होतो. गोरा माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं मी विसरलो. जवळ येऊन तो डोळ्यांनी खुणावतो, पड, पड. मी त्याचा हात खांद्यावर घेतला आणि धोबीपछाड मारली. उस्तादांनी शिकवलेली, सगळा जीव घालून मारलेली. गादी नव्हे, अख्खा चौथरा हादरला! पंचानं मोजलं, घंटा झाली, आणि वरच्या बाकांवर तू पदर कमरेला खोचून उभी होतीस, शेजारच्या अनोळखी पारशिणीचा हात धरून हलवत होतीस.

आत खोलीत ठेकेदार पांढराफटक होऊन बसला होता. "आता तुला मुंबईत कोणी उभं करणार नाही," एवढंच तो बोलला, आणि ते त्यानं खरं केलं. गोरा कोपऱ्यात खांदा चोळत होता, माझ्याकडं बघत नव्हता. त्याचा राग रास्त होता. शब्द मी मोडला होता. तेवढ्यात मामाबरोबर तू दारात. तू मला जवळ घेतलं नाहीस. पहिलं विचारलंस, "त्याले लागनं का रे?" मग सरळ त्याच्यापुढं जाऊन बसलीस, गाठोडं सोडलंस, भाकरीवर ठेचा घालून त्याच्या हातात दिलीस. त्या बिचाऱ्यानं मोठा घास घेतला. क्षणात तोंड लालबुंद, डोळ्यांतून धारा! तो उठून पाण्याकडं धावला, तू घाबरलीस, आणि परत येऊन तो ओल्या डोळ्यांनी हसत म्हणाला काहीतरी, जे आपल्याला कोणालाच कळलं नाही. उरलेली भाकरी मात्र त्यानं संपवली.

आपण घरी आलो. मी तुला म्हणालो, मुंबईचं पाणी मानवत नाही, आता इथंच तालीम काढतो. तू खूश झालीस. पुढं मरेपर्यंत तू विहिरीवर, ओट्यावर, भेटेल त्याला सांगायचीस, "मी वरडनी नसती तं पोऱ्या पडना व्हता." बाया हसायच्या. मीही हसायचो. तू ओरडली नसतीस तर मी पडलोच असतो, हे तुझं बोलणं अक्षरशः खरं होतं, आणि त्या एका हाकेनं माझं मुंबईचं नाव बुडालं होतं, हे सांगितलं असतं तर तू पुन्हा कधी ओरडली नसतीस. म्हणून सांगितलं नाही. त्याचं मला दुःख नाही. त्या माझ्या तालमीतून जी पोरं निघाली, त्यांच्यातला एकही ठरवून पडला नाही.

हा कागद घडी करून पेटीत ठेवणार आहे, कुणाला दाखवायचा नाही. एवढंच कबूल करायचं राहिलं. कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आलो की त्या दिवशी आपण खऱ्यासाठी उठलो, उस्तादांच्या मातीसाठी उठलो. तसलं काही नव्हतं. तिशी उलटलेला, भिंतीभिंतीवर चित्र असलेला पहिलवान मी, पण तुझा आवाज आला आणि मला वाटलं, आता ही दोर ओलांडून वर येते आणि माझा कान धरते.