म्हसूआजोबांचा अस्सल ट्रंपेट

२८ मार्च

गेणबातात्या आज पुन्हा तेच. "मान बहिरूचाच. म्हसूचा ट्रंपेट त्याच्याकडं हाय." कशावरून? तर सगळे म्हणतात म्हणून! गावचे पंच झाले म्हणजे डोळे मिटून बोलायचं का?

जत्रेत पालखी उठताना पहिला सूर म्हसूआजोबांच्या ट्रंपेटचा, हा आमच्याकडचा रिवाज. तो ट्रंपेट पॅरिसचा. खडकीच्या गोऱ्या बँडमास्तरनं मायदेशी जाताना आजोबांना दिलेला. दुसरा त्यांनी मागाहून मेरठचा आणवला. पुढे वाटणी झाली. एक थोरल्या काकांकडे गेला, तो आता त्यांच्या बहिरूदादाकडे. एक बाबांकडे आला. पॅरिसचा कुठला? दोन्ही घरं सांगतात — आमचा!

बाबा गेले. आता वाजवणारी मी. आणि तो पहिला सूर मला काढायचाय. बास. लिहून टाकलं एकदाचं.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि दुपारभर भिंग घेऊन बसले. बोटांनी दाबायचे तीन पिस्टन असतात, त्यातल्या मधल्याच्या नळीवर नंबर सापडला!! पाच आकडी, बारीक, सुबक. नेटवर जुन्या ट्रंपेटांचे नंबर जुळवत बसणारे लोक आहेत — माझ्यासारखे वेडे आणखी आहेत तर! त्यांच्या हिशेबानं हा १९२४चा. मेरठच्या जुन्या ट्रंपेटांचे ढीगभर फोटो पाहिले, एकावरही असा नंबर नाही.

भोंग्यावर मात्र नाव नाही, नक्षी नाही. राहील कशी? दर दसऱ्याला पूजेत मांडायच्या आधी चिंच आणि राख लावून घासघास घासायचा. आई तर नारळाची शेंडी घ्यायची! गेली असणार घासून.

१ एप्रिल

कंपनीत लक्ष नाही. चलनावर साल १९२४ टाकलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

येताना तात्यांना गाठलं. म्हटलं, दोन्ही ट्रंपेट देवळात शेजारी शेजारी ठेवा, सगळ्यांसमोर बघू. तात्या कान खाजवत म्हणाले, "बहिरू द्यायचा न्हाई."

मग खोटा असेल म्हणून देत नसेल! हे मी मोठ्यानं बोलले. बोलायला नको होतं.

२ एप्रिल

बहिरूदादा तयार झाला!

५ एप्रिल

धरणाच्या काठाला जाऊन तासभर वाजवलं. ओठ सुजला. कोंडाबाई शेरडं घेऊन तिथंच. म्हणाली, "लई मोठ्यानं वाजिवतीस गं, शेरडं बुजत्यात माझी." म्हटलं, जत्रेत ऐक. तर हसली! "व्हय? बहिरू देतोय व्हय तुला!"

घरी आल्यावर भाकरी करपली. पिस्टनला तेल घातलं. परत पुसलं. परत घातलं.

८ एप्रिल

बहिरूदादा देवळात आला, माझ्याकडे न बघता ट्रंपेट घोंगडीवर ठेवला. बाबांच्या तेराव्याला मी ट्रंपेट तोंडाला लावला तेव्हापासून बोलत नाही. "बाईमाणसानं?" एवढंच म्हणाला होता आणि जेवता जेवता उठून गेला होता.

भिंग लावलं. त्याच्या भोंग्यावर वेलबुट्टी, आणि पॅरिसचं नाव! मग त्याचे पिस्टन पाहिले. नंबर नाही, मेरठचा ठसा. परत भोंगा. परत पिस्टन. मग माझा. दोन्हींचा भोंगा जिथं नळीला मिळतो तिथं डाख दिलेला, एकाच हातचा, आणि वर सारखीच पितळी पट्टी.

कळलं! आमच्या वाटणीत पाटा आमच्याकडे आला आणि वरवंटा त्यांच्याकडे गेला. भाताच्या खाचरात मधोमध बांध पडला. ट्रंपेट कसा सुटेल! पॅरिसचा भोंगा थोरल्याला, पॅरिसचे पिस्टन धाकट्याला, उरलेलं मेरठच्या ट्रंपेटातून पुरं केलेलं. आजोबांनीच करून घेतलं असणार, पोरं भांडू नयेत म्हणून. काय म्हणावं या माणसाला!

लपवलं नाही. सगळ्यांना सांगितलं — अर्धा त्याचा, अर्धा माझा. बहिरूदादा नुसता पिस्टन दाबत बसला. तात्या म्हणाले, "म्हंजी आख्खा कुनाकडंच न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हाच कसंतरी झालं.

९ एप्रिल

पंचांचा निकाल. अस्सल ट्रंपेट नाही तर मानही नाही. यंदा हिंजवडीचा डीजे!

मीच केलं हे. भिंग घेऊन मीच नाचले! माझं राहू दे, बहिरूदादाच्या हातात होता तो मानही घालवला. काकांपासून वाजवतायत ते. वहिनी नळावर दिसली, तोंड फिरवून गेली. तिचं काय चुकलं? खूप रडले. चुलीत गेलं ते १९२४.

१० एप्रिल

ट्रंपेट पेटीत ठेवला. काढला. परत ठेवला.

१२ एप्रिल

सकाळी दार वाजलं. बहिरूदादा! काखेत ट्रंपेट. "उज्वे, डीजेची गाडी लवळ्याच्या चढाला बंद पडलीया. पालखी उठायची येळ झाली. तुझा घे अन् चल." मी चपलासुद्धा घातल्या नाहीत.

दोघांनी एकदम फुंकला. पालखी उठली. तात्यांनी हात जोडले.

दादा म्हणतो, सूर त्याचा आधी निघाला. साफ खोटं! माझा निघाला!